खोका भरल्याची तारीख

१४ जून रोजी माझ्या टेबलावर ४१,३७५ चे बिल आले. कोरड्या बर्फात जंतूंच्या सहा नळ्या परदेशी पाठवल्याचा खर्च. खाली कुलूपबाईंची सही. रुग्णालयाच्या हिशेब विभागात मला छत्तीस वर्षे होत आली. या बाईंचे एकही बिल मी भांडणाशिवाय मंजूर केलेले नाही.

फ्रीझरची किल्ली त्या गळ्यात घालत, म्हणून हे नाव. शिंप्याची मुलगी, लग्न केले नाही, धाकट्या भावाकडे एका खोलीत राहत. एकतीस वर्षे त्यांनी रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू वाढवून गोठवले. कोणाचे लेबल वाकडे लागले तरी चारचौघांत पाणउतारा करत. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा आदेश मोठ्या साहेबांच्या सहीसाठी पडून होता. भावाची नोकरी गेलेली; घर बाईंच्या पगारावर चालत होते.

परदेशी प्रयोगशाळेने आमच्या नळ्या मागवल्या त्याला कारण होते. आमच्या अतिदक्षता विभागात राहून गेलेला एक प्रवासी परदेशात पुन्हा आजारी पडला. त्याच्या जंतूवर कुठलेच अँटिबायोटिक चालेना, आणि तोच जंतू पुढे तिसऱ्या देशात निघाला. तिकडच्या प्रयोगशाळेने सगळ्यांचे जनुकीय क्रम वाचले. आमचे जंतू त्याच घराण्यातले ठरले. प्रश्न एवढाच होता, की प्रवाशाने तो इथे आणला की इथून नेला? प्रवासी दाखल झाला ९ मार्चला, आमच्या पहिल्या नळीवर तारीख १४ मार्च. आम्ही सुटलो.

साहेबांनी सर्वांना बोलावून तिकडून आलेला अहवाल वाचून दाखवला.

“साहेब, ती तारीख नमुन्याची नाही,” कुलूपबाई म्हणाल्या. “सारखं दार उघडलं तर फ्रीझर तापतो. म्हणून एक्क्याऐंशी नळ्यांचा खोका भरला की एकदम आत ठेवतो आणि ती तारीख लेबलवर घालतो. नमुना २६ फेब्रुवारीचा आहे. वहीत बघा.”

“मग नळ्यांसोबतच्या फॉर्मवर का नाही लिहिलंत?”

“चुकलं. इतक्या वर्षांची सवय, डोक्यातच आलं नाही.”

“आताही येऊ देऊ नका.”

“आणि अतिदक्षतेतलं बेसिन? त्याच्या पाइपात हाच जंतू सापडलाय. आणखी दोघांना लागण झालीय.”

“बाई, मुदतवाढ हवीय ना?”

“हवीय की. फुकट थोडीच मागतेय?”

मागे कोणीतरी खुदकन हसले. साहेब हसले नाहीत.

मी त्यांना जिन्यात गाठले. “दोन वर्षं गप्प बसायला तुमचं काय जातं हो?”

“माझं नाही, त्या खाटांवर झोपलेत त्यांचं जातं. हे काही तुमचं बिल नव्हे, दाबून ठेवायला.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वहीच्या पानांच्या प्रती परदेशी धाडल्या. बारा दिवसांत दुरुस्त अहवाल आला: सुरुवात आमच्याकडून. अतिदक्षता विभाग बंद करून बेसिन उखडावे लागले. मुदतवाढीचा आदेश सहीविना परत आला.

शेवटच्या दिवशी भाऊ त्यांना न्यायला आला आणि माझ्या टेबलासमोरच ओरडला, “ताई, परक्यांची एवढी काळजी, माझ्या पोरांची नाही!”

“पिशवी धर,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

वहीच्या प्रती पाठवल्याचे कूरियरचे बिल त्यांनी स्वतः भरले होते आणि परतफेडीसाठी माझ्याकडे दिले होते. साहेबांची पूर्वमंजुरी नव्हती, म्हणून मी ते परत केले. १,८६० एवढी रक्कम त्यांना रुग्णालयाकडून अजून येणे आहे.