रोमची यादी आणि आमचं मंडळ

गेल्या वर्षी इथल्या, बहरीनच्या, आमच्या मराठी मंडळाचे दोन तुकडे झाले. गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा, एवढ्यावरून. एका गटाने दुसऱ्याची माणसं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढली आणि वर काढलेल्यांची यादी टाकली. त्यात माझा मुलगाही होता.

यंदा समेट झाला. दोन्ही गटांची मिळून एक स्मरणिका निघणार होती. माझ्या नातीला ईसा टाउनच्या शाळेत रोमचा इतिहास होता, त्यावर ती लेख देणार म्हणाली. पोरीला मराठी कळतं, लिहिता-वाचता येत नाही. मी चौथी शिकले, पण अक्षर स्वच्छ. ती सांगायची, मी लिहायची. मराठीतला तिचा हा पहिलाच लेख.

रोममध्ये आपसांत लढाया चाललेल्या. एका म्हाताऱ्याने एका सेनापतीला भाषणांतून आणि लिहून फाडून काढलं. मग तो सेनापती, त्याचा तरुण वैरी आणि आणखी एकजण असे तिघे एक झाले. मारायच्या माणसांची यादी चौकात लावली. त्या तरुणाला म्हाताऱ्यानेच पुढे आणलं होतं. तरी त्याने म्हाताऱ्याचं नाव यादीत जाऊ दिलं. डोकं आणि हात कापून भाषणाच्या जागी टांगले.

"हात कशाला?" मी विचारलं.

"हातानेच लिहायचा ना तो, आजी. दॅट्स व्हाय."

स्मरणिकेचे संपादक घरी आले. "काकू, लेख फक्कड आहे. तेवढी यादी काढा. लोकांना टोमणा वाटेल."

"अहो, दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं ती!"

"आमच्या यादीला वर्षच झालंय हो."

"मग तो टोमणा मी मारला नाही. तुमचा तुम्हाला लागला."

मुलाकडे बघितलं. समेटात त्याला सेक्रेटरी केलं होतं.

"आई, विषय खलास कर ना. रोमचं कुणाला पडलंय? मोदकांवर लिहा."

"मोदकांवर तू लिही. यादी काढली तर उरतं काय? एक म्हातारा होता, तो मेला."

स्मरणिका आली. लेखात म्हातारा वृद्धापकाळाने वारला होता. खाली नातीचं नाव. संपादकांना फोन केला तर म्हणाले, बदल सेक्रेटरींनीच करून दिला.

मी नातीला छापलंय तसं वाचून दाखवलं. ती लालबुंद झाली. "हे मी नाही सांगितलं! कुणी केलं?"

मुलगा समोरच बसला होता. मान हलवून मला नको म्हणत होता.

"तुझ्या बाबाने," मी म्हणाले.