होडीतली पुढची जागा

व्हर्लन टिडवेल एकसष्ट वर्षांचा होता, आणि एवढ्या वर्षांत त्याने एकही गोष्ट तिच्या वेळेवर होऊ दिली नव्हती. प्रार्थना संपण्याआधी ‘आमेन’ म्हणणारा चर्चमधला पहिला माणूस तोच. बिस्किटं फुगली का हे बघायला तो ओव्हनचं दार तीनदा उघडायचा, आणि ती फुगली नाहीत की ओव्हनला नावं ठेवायचा. पाय मोडला तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी त्याने गॅरेजमध्ये बसून प्लास्टर स्वतःच कापलं. घरोघरच्या गॅसच्या टाक्या भरत फिरण्याची नोकरी त्याने पस्तीस वर्षं केली. त्या नोकरीत एका अंगणात वीस मिनिटांहून जास्त थांबावं लागत नसे, हे त्यामागचं कारण असावं.

असल्या माणसाने कमळपानांतल्या बास माशाच्या नादी लागावं, ही त्याच्यावर कुणीतरी केलेली थट्टाच होती.

दक्षिण जॉर्जियातल्या बकथॉर्न तळ्याची उत्तरेकडची बाजू मेपासूनच पानांनी गच्च भरते. मोठे बास त्या पानांखालच्या सावलीत पडून असतात. तिथे गळ लावलेला पोकळ रबरी बेडूक पानांवरून उड्या मारल्यासारखा ओढत न्यायचा. मध्येच पाणी फुटतं, बादलीएवढा खड्डा पडतो आणि बेडूक दिसेनासा होतो. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण तेव्हा अजून काहीच झालेलं नसतं. मासा बेडूक तोंडात नीट घेतो, वळतो, खाली निघतो, आणि त्याचं वजन हातातल्या गळाच्या दांडीला लागेपर्यंत माणसाने स्वस्थ बसायचं असतं. व्हर्लन पाणी फुटताक्षणी हिसका मारायचा. बेडूक पानांतून सुटून गोळीसारखा मागे यायचा, आणि मागे त्याची बायको आयडेला बसलेली असायची.

मागे ती एकतीस वर्षं बसत आली होती. होडीत पुढे बसणारा पायाखालच्या पेडलने मोटर चालवतो, होडी कुठे न्यायची ते ठरवतो आणि कुणी न ढवळलेल्या पाण्यात पहिला गळ टाकतो. मागच्याने त्याच्या उष्ट्या पाण्यात टाकायचा. शाळेच्या कँटीनमध्ये चारशे मुलांना रांगेत उभं करणारी ही बाई शनिवारी मात्र निमूट मागे बसे.

पैज लागली ती हॉइटच्या दुकानात. हॉइट गळ, गांडुळं आणि उकडलेल्या शेंगा विकायचा, आणि सल्ला फुकट द्यायचा.

“यंदा किती सुटले रे?” त्याने विचारलं.

“यंदाचे गळच बोथट आलेत.”

“माझ्या टोपीत तर छान रुततात,” आयडेला शेंग सोलत म्हणाली. “शनिवारी तुला तीन संधी, व्हर्लन. तिन्ही वेळा घाई केलीस, तर हंगामभर पुढे मी ब–”

“कबूल,” व्हर्लन म्हणाला.

“मिस आयडेला, आणि त्याने एकदा जरी जमवलं तर तुमचं काय जाणार?” हॉइटने विचारलं.

“माझं काय जायचंय? मी मागेच आहे.”

कबूल म्हणून बसल्यावर व्हर्लनला आपण काय पणाला लावलं ते कळलं. पस्तीस वर्षं उजव्या पायाखाली ट्रकचं पेडल आणि शनिवारी होडीचं. नुसतं बसून राहायचं, आणि होडी दुसरं कुणी नेणार, म्हणजे मासेमारी सोडल्यासारखंच. आठवडाभर त्याला झोप आली नाही. हॉइटच्या सल्ल्याने तो पाणी फुटल्यावर म्हणायला गावांची नावं घोकत होता: मोल्ट्री, ॲडेल, व्हॅल्डोस्टा. तिन्ही म्हणून झाली की मगच हिसका.

शनिवारी साडेसहाला पहिल्याच पानापाशी पाणी फुटलं. गावं आठवण्याआधीच बेडूक आयडेलाच्या डोक्यावरून गेला.

“एक,” ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी तो “मोल्ट्री” म्हणाला.

“दोन. निदान गावाबाहेर तरी पडायचंस.”

मग तासभर काही नाही. व्हर्लनने दोनदा बेडूक बदलला, चारदा जागा बदलली, पाण्यातल्या मगरीला चार शब्द सुनावले. नऊच्या सुमाराला बेडकाच्या पुढचं एक पान किंचित हललं, आणि त्याने सगळ्या ताकदीने हिसका मारला.

“तीन.”

“हा कसा धरतेस? माशाने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.”

“म्हणूनच धरते. ऊठ, राजा.”

जागा बदलल्या. आयडेलाने पेडलवर पाय ठेवला आणि होडी इतकी हळू निघाली की व्हर्लनला ती मागे चालल्यासारखी वाटली. त्याचा उजवा पाय तळाची फळी दाबत राहिला. होडी काही ऐकेना.

“डावीकडे घे. त्या बुंध्याशी. अगं, किती हळू?”

“मासे कुठे पळून चाललेत?”

“डावीकडे म्हटलं ना. उजवीकडे नुसती चिखलात–”

बेडूक त्याने होडीमागच्या उष्ट्या पाण्यात कधीचा भिरकावून दिला होता आणि विसरला होता. त्याचं सगळं लक्ष तिच्या पायाकडे. मागे धप्प आवाज झाला.

“आणि बुंध्याला ठोकलीस तर मोटरचं पातं–”

मग त्याच्या हातातली दांडी आपणहून वाकली. वळून बघतो तो दोरी पानांखालून आडवी चाललेली. त्याने हिसका मारला. या वेळी काहीच सुटून आलं नाही. टोपलीभर शेवाळ, देठं आणि त्यात गुंडाळलेला बास असं सगळं मिळून होडीपाशी आलं, तेव्हा आयडेला जाळी धरून उभी होती. नऊ पौंडांहून थोडा जास्तच. त्याच्या एवढ्या वर्षांतला सगळ्यात मोठा. फोटो काढून त्यांनी तो परत पाण्यात सोडला.

हॉइटच्या दुकानाकडे जाताना व्हर्लनने गाडीत विचार करून ठेवला होता. होडीच्या कुठल्या बाजूने मासा लागला ते सांगायचं नाही. आठ-दहा दिवसांत पैज विसरली जाईल. आयडेला तशी समजूतदार आहे. विचारलंच तर म्हणायचं, बुंध्यापाशी.

हॉइटने फोटो दूर धरून, जवळ धरून पाहिला.

“हा होडीच्या कुठल्या–”

“मागून,” व्हर्लन म्हणाला.

आयडेला शेंगांच्या पातेल्यात डाव घालत होती. तिने मान वर केली नाही.

“म्हणजे हा मागे बसला की मासे धरतो,” हॉइट तिला म्हणाला. “मग एकतीस वर्षं पुढे बसून काय करत होता?”

काउंटरखाली व्हर्लनचा उजवा पाय फरशी दाबत होता.

“शनिवारी सहाला निघू,” आयडेला म्हणाली. “साडेपाचला हॉर्न वाजवत बसू नकोस.”