गादीतली वल्ही

माझी आत्या गाद्या पोचवते. कारखान्यातून नवी गादी उचलायची, गिऱ्हाइकाच्या घरी जिना चढून टाकायची आणि त्यांची जुनी गादी परत आणायची, हा तिचा धंदा. जुन्या गाद्या साचल्या की भंगाराच्या गोदामात नेऊन टाकायच्या. पिकअप तिची स्वतःची. आतोबा म्हणतात, "मला ताप आला तर ही गोळी देते, गाडीला आला तर रजा घेते."

रविवारी सकाळी मात्र आत्या तळ्यावर. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची एक टोळी आहे. लांबलचक होडीत दोन ओळींत बसायचं आणि एका तालात वल्हवायचं. कप्तान म्हणजे मास्तरीणबाई, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, अजूनही शिट्टी गळ्यात घालून हिंडणाऱ्या. होडी तळ्यावरच बांधलेली असते. प्रश्न वल्ह्यांचा. ती ज्याची त्याने घरी न्यायची ठरवली, की कुणीतरी हात हलवत यायचीच. शिंपीणबाईंनी तर एकदा वल्हं म्हणून लांब पिशवीतून पडद्याचा दांडा आणला होता. शेवटी ठरलं, सगळी वल्ही हवालदाराकडे. हवालदार म्हणजे आत्या. तिच्याकडे गाडी होती आणि नजर होती.

नजर असूनही एकदा चोरी झालीच. आत्याने वल्ह्यांसाठी गाडीच्या मागच्या हौद्यात चकचकीत लोखंडी पेटी बसवून घेतली होती, तिला मुठीएवढं कुलूप. चहाला टेकली, कप खाली ठेवून वळून बघते तो पेटी नाही. कुलूप तसंच शाबूत असणार, पेटीसकटच गेलं होतं. तो सगळा हंगाम टोळीने उसन्या, आखूड वल्ह्यांवर काढला आणि तळ्यावरच्या दरवर्षीच्या शर्यतीला नाव दिलंच नाही. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. आत्याला तेच लागलं. तेव्हापासून ती कुठेही जेवायला बसली की गाडी नजरेसमोर लावलेली हवी.

मग नवी वल्ही आली आणि आत्याचे प्रयोग सुरू झाले. आधी साखळी. मग भोंगा, जो गाडीला हात लागला की कोकलायचा. मांजर चढली, भोंगा कोकलला, शेजारचे गृहस्थ काठी घेऊन बाहेर आले आणि आतोबांनाच चोर समजले. मग ताडपत्री. तीही आत्याला पटेना.

"चोर कुलूप बघूनच येतो गं," मला समजावत होती. "झाकलेलं दिसलं की त्याचा हात शिवशिवतो. आपण त्याला असं काही दाखवायचं की तो म्हणेल, शी!"

"म्हणजे?"

"म्हणजे गादी. जुनी, डागाळलेली. फुकट दिली तरी कुणी घेत नाही, चोरेल कोण?"

तपकिरी फुलांची एक गादी तिने निवडली. एका कडेची शिवण उसवली, आतला काथ्या काढला, वल्ही ओळीने निजवली, वरखाली स्पंज लावला आणि दाभणाने अशी शिवली की मूळची शिवण कुठली ते तिलाच कळेना. "दाबून बघ," म्हणाली. मी दाबली. मऊ. आत्या अशी हसली जशी नाटकातली खलनायिका पहिल्या अंकाच्या शेवटी हसते. आणि हे तिने टोळीला सांगितलं, मला सांगितलं, पण आतोबांना नाही. "ते छापखान्यात जातात. तिथे चहाला वीस माणसं. आज यांना सांगितलं की उद्या गावभर."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडेच होते. आत्या पाठ शेकत पडली होती, आठवडाभर जिने चढून तिची कंबर धरली होती. तेवढ्यात आतोबा आत आले. कपाळावर घाम, चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत आहे तसलं हसू.

"चल, गाडी बघायला चल."

"काय केलंत गाडीला?"

"धुतली! आणि त्याआधी सगळ्या जुन्या गाद्या गोदामात टाकून आलो. एकट्याने. म्हटलं तुझी पाठ दुखतेय, जरा तरी..."

आत्या उठून बसली. "सगळ्या?"

"एकही ठेवली नाही."

"ती तपकिरी? फुलांची?"

"ती तर पहिली टाकली. काय घाणेरडी होती गं!"

आतोबांना वाटलं होतं ती खूश होईल. ती चपला शोधायला लागली. दोन्ही तिच्या पायांशीच होत्या. मग मीच त्यांना सांगितलं. आतोबा खुर्चीवर बसले आणि पुन्हा उभे राहिले.

"मला सांगायचं नाही का?"

"तुमच्यापासून नव्हतं लपवलं. चोरांपासून लपवलं होतं."

"पण चोरांनी नाही नेली. मी नेली!"

गाडीत आतोबा म्हणाले, "हे बघ, टोळीला आत्ताच कळवू नकोस. सापडली तर सांगायची गरजच नाही."

आत्याने गिअर बदलला. "आणि नाही सापडली तर उद्या सकाळी त्या तळ्यावर उभ्या राहतील आणि मी हात हलवत जाईन. नाही हो. फोन लाव गं मास्तरीणबाईंना."

मी लावला, तिच्या कानाला धरला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून फक्त, "गोदाम कुठलं?" आत्याने पत्ता सांगितला आणि फोन बंद.

"रागावल्या," आत्या म्हणाली. "शिट्टीसुद्धा वाजवली नाही."

गोदाम म्हणजे पत्र्याच्या छपराखाली गाद्यांचे डोंगर. मधोमध फाडायचं यंत्र, एका तोंडातून गादी जायची, दुसऱ्या तोंडातून काथ्याचा भुगा. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या तोंडात एक गादी अर्धी गेली होती. तपकिरी. फुलांची.

"थांबवा!" आत्या अशी ओरडली की गोदामवाल्याच्या हातून तपकिरीची डबी पडली. त्याने बटण दाबलं. आत्या सरळ भुग्यात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी चाळायला लागली. काथ्या, सुतळी, कापडाच्या चिंध्या. लाकडाची ढलपी म्हणून नाही.

"ही नव्हे," ती म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

"ताई, काय हरवलं? दागिने?" गोदामवाला.

"वल्ही."

"होडीची?"

"हो."

"गादीत?"

"हो!"

त्याने आतोबांकडे बघितलं. आतोबांनी नजर चुकवली.

खरी अडचण पुढेच होती. आतोबांनी आणलेल्या गाद्या केव्हाच ढिगात मिसळल्या होत्या. एके काळी कारखान्याने तेच तपकिरी फुलांचं कापड वर्षानुवर्षं वापरलं होतं. डोंगरात जिकडे बघावं तिकडे तीच फुलं, तेच डाग. आणि आत्याची शिवण इतकी सफाईदार की आत्यालाच ओळखू येईना. दाबून बघावं तर सगळ्याच मऊ. उचलून बघावं तर ओल धरलेल्या गाद्या दगडासारख्या जड.

"एक एक फाडून बघू का?" आतोबा.

"फाडलेल्या गादीचं मी काय करू?" गोदामवाला वैतागला. "यंत्रात अख्खी जाते, चिंध्या अडकतात. हे बघा, आता माझी जेवणाची सुट्टी. माझा डबा होईपर्यंत शोधा. नंतर मला यंत्र चालवावंच लागेल."

तो डबा सोडतोय तोच दारात रिक्षा थांबली. मास्तरीणबाई उतरल्या. मागोमाग शिंपीणबाई, दवाखान्यातल्या सिस्टर आणि स्कूटरवरून बेकरीवाली, हाताला पीठ तसंच. पाठोपाठ आणखी रिक्षांतून उरलेली टोळी. आत्या उठून उभी राहिली, केसात काथ्या.

"मला माफ करा. दुसऱ्यांदा झालं हे माझ्याकडून."

"माफीचं नंतर बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हाताने दाबून कळत नाही ना?"

"नाही. मी स्पंज लावला."

"मग अंगाने कळेल. सगळ्यांनी आडवं व्हा!"

आणि शिट्टी वाजली. त्या भल्या बायका एकेका गादीवर आडव्या झाल्या. झोपायचं, कूस बदलायची, उठायचं, पुढच्या गादीवर. आतोबासुद्धा. गोदामवाल्याचा घास हातातच राहिला.

"अहो, हे गोदाम आहे की धर्मशाळा?"

"तुम्ही जेवा हो," सिस्टर पडल्यापडल्या म्हणाल्या. "सावकाश जेवा. घास बत्तीस वेळा चावावा."

"इथे काही आहे!" शिंपीणबाई ओरडल्या. सगळ्या धावल्या. तुटकी स्प्रिंग निघाली.

"ही तर माझ्या घरच्यापेक्षा बरी आहे," बेकरीवाली म्हणाली. "ही मी नेऊ?"

डब्याचा शेवटचा कप्पा उघडला. आत्या गाद्यांकडे नाही, त्या कप्प्याकडे बघत होती.

"हवालदार," कोपऱ्यातून मास्तरीणबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "इकडे या. माझ्या पाठीखाली दांडे आहेत."

आत्या गेली. कडेवर बोट फिरवलं, शिंपीणबाईंकडून कात्री घेतली आणि एक टाका कापला. दोन. फटीतून लाकडाचं पिवळं टोक बाहेर आलं. मग दुसरं. मोजायची कुणाला गरज वाटली नाही, जिने तिने आपलं वल्हं ओढून काढलं आणि छातीशी धरलं. आत्या त्याच गादीवर बसली आणि रडायला लागली, हसत हसत. आतोबा तिच्या केसांतला काथ्या काढत राहिले.

"अख्खी आहेत ना सगळी?" तिने विचारलं.

"एक ओरखडा नाही," सिस्टर म्हणाल्या. "रुग्णाची प्रकृती उत्तम."

गोदामवाला जवळ आला. "चोरीला गेली असती तर बरं झालं असतं, एवढी कसरत तरी वाचली असती."

"काय बोलता!" आतोबांनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

आत्या वल्ही गोळा करायला लागली, पुन्हा गाडीत ठेवायला. मास्तरीणबाईंनी आपलं वल्हं सोडलं नाही.

"हे माझ्याबरोबर येईल."

"पण बाई, उद्या विसरलात तर?"

"तर हाताने वल्हवेन. दोन वर्षं तुम्ही एकट्या राखण करताय, आणि आम्ही निवांत झोपतोय. बास झालं. आपलं ओझं ज्याचं त्याने न्यायचं."

"शिंपीणबाई पडद्याचा दांडा आणतील."

"आणला तर त्याने वल्हवेन," शिंपीणबाई म्हणाल्या आणि वल्हं खांद्यावर टाकून रिक्षात बसायला गेल्या. ते आत मावेना. आडवं केलं, तिरकं केलं, शेवटी अर्धं बाहेर काढून धरलं. रिक्षावाला ओरडत होता, मास्तरीणबाई शिट्टी वाजवत होत्या, बेकरीवालीने तिचं स्कूटरला दोरीने बांधलं.

आत्या दारात उभी राहून त्यांना जाताना बघत होती. तिच्या हातात तिचं एकटीचं वल्हं होतं.

"चला," आतोबा म्हणाले. "जेवायला कुठेतरी थांबू या. भूक लागली ना?"

"सपाटून," आत्या म्हणाली. "आणि आज तुम्ही गाडी कुठेही लावा."