चार मोजेपर्यंत

विद्यापीठात सगळे त्यांना टेपमामा म्हणत. भाषा प्रयोगशाळेतले ते परिचर. खोली उघडायची, हेडफोन पुसून ठेवायचे आणि इंग्रजी संभाषणाची टेप लावायची, हे त्यांचं काम. टेपवरची बाई एक वाक्य बोले आणि चार मोजेपर्यंत थांबे. तेवढ्यात मुलांनी ते वाक्य म्हणायचं. पुढे टेप जाऊन संगणक आला, पण बाई थांबायची ती थांबतच राहिली. अठ्ठावीस वर्षांत मामांना तिचा शब्द न् शब्द पाठ झाला. कुठल्या साहेबाशी मात्र ते कधी इंग्रजीत बोलले नाहीत. परिचराचं इंग्रजी ऐकायला वेळ कुणाला होता!

ते सगळं त्यांनी लेकीला दिलं. ती सात वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी चाले. मामा वाक्य म्हणून थांबत, लेक ते म्हणे. "वीज गेली तरी यांची टेप चालूच!" भांडी विसळता विसळता बायको म्हणे. एरवी पोरीच्या तोंडाचा पट्टा थांबता थांबत नसे, पण इंग्रजीत ती शांत, ऐटीत बोले. कॉलेजच्या भाषणांत तर तिच्या थांबण्यावर टाळ्या पडत. मामांची छाती फुगून यायची.

मग विद्यापीठातच संशोधनाची जागा निघाली. एकच. लेकीने विहिरींचं पाणी खारट का होतं हे शोधायला बाटल्या घेऊन तीन वर्षं वणवण केली होती. मुलाखतींचं रेकॉर्डिंग मामांकडेच असायचं. शेजारच्या खोलीत ते हेडफोन लावून बसले.

पहिला प्रश्न इंग्रजीत आला. लेकीने एक वाक्य टाकलं, अगदी स्वच्छ. आणि थांबली. मामांनी सवयीने मोजलं: एक, दोन, तीन. तिसऱ्यालाच निवड समितीतल्या सरांनी पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा एक वाक्य, पुन्हा ती थांबली, पुन्हा नवा प्रश्न. मामांच्या आता लक्षात आलं. पोर अडत नव्हती. एक वाक्य झालं की थांबायचं, हे त्यांनीच तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं.

"थांबू नको गं बाई, बोल!" ते बंद खोलीत ओरडले.

अकरा प्रश्न झाले आणि अकरा उत्तरांची फक्त पहिली वाक्यं झाली. खारट पाण्याचं खरं कारण सांगायचं राहूनच गेलं. ती बाहेर गेल्यावर समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "उच्चार छान आहेत हो, पण अभ्यास वरवरचा वाटतो." मामांनी तेही ऐकलं.

जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात तिच्या नेहमीच्या स्टुलावर येऊन बसली. डोळे रडून सुजले होते.

"बाबा, तुम्ही ऐकलंत ना सगळं? ते मला पुढचं बोलूच देत नव्हते. माझं काय चुकलं, सांगा ना."

"तुझं काही चुकलं नाही, बाळा," मामा म्हणाले.

चूक माझी, हे पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. ते ऐकलं असतं तर पोर पुढच्या वेळी सावरली असती. पण एका वाक्यानंतर मामाही सवयीने थांबले.

लेकीने थोडी वाट पाहिली. मग बाबांचं बोलून झालं असं समजून ती उठली आणि आत गेली.