डेकवरची वाळू

माणूस बोटीवर घसरून पडला, तर तुम्ही दोष कोणाला देता? त्याच्या पायाला, की तो ज्यावर उभा होता त्या डेकला?

गेल्या वर्षी माझे बाबा पडले तेव्हा सगळ्या वाडीने दोष त्यांच्या वयाला दिला. बाबा आमच्या बोटीचे तांडेल. समुद्रात गेल्यावर चार खलाशी त्यांच्या शब्दावर चालतात. आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी प्रत्येक बोट रंगवतात, आणि रंगवतात ती किनाऱ्यावरच्या लोकांनी बघावी म्हणून. बाहेरून निळी, आतून हिरवी, आणि डेकलाही तोच चकचकीत ऑइल पेंट. पूजेच्या दिवशी बोट आरशासारखी दिसत होती. चौथ्या दिवशी जाळं ओढताना त्या आरशावर माशांची बुळबुळ पसरली आणि बाबांचा गुडघा फिरला. जो तो म्हणाला, "आता वय झालं." रंगाला कोणी काही म्हणालं नाही.

मी म्हटलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आई मच्छीमार संघटनेची पत्रकं वाटायची, आणि मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्याच कागदांवर. आता ती पत्रकं मी लिहिते. अपघात म्हटला की मी आधी विचारते, हा कोणाच्या निर्णयाने झाला? पण हे विचारायचं कोणाला? आई जाऊन पाच वर्षं झाली. घरात बाबा आणि मी. बाबा सहा महिने खाटेवर होते. मी वाचनालयातल्या कामावरून यायची, जेवण वाढायची, ते जेवून भिंतीकडे तोंड करायचे. एकदाच म्हणाले, "ह्या हंगामाला जाणार मी." ते पुन्हा पडले तर मला कोणीच उरणार नाही, हे कसं बोलायचं?

म्हणून ठरवलं, यंदा डेक मी करणार.

हार्डवेअरच्या दुकानदाराने मला दोनदा निरखून पाहिलं. "ताई, घसरू नये असा तयार रंग येतो. पण मुंबईहून मागवावा लागेल. पौर्णिमेच्या आत येईल असं सांगत नाही."

"आणि रबराच्या मॅट?"

"खाली पाणी धरतात. फळी कुजली की मलाच शिव्या घालाल. त्यापेक्षा ओल्या रंगावर वाळू पेरा. सुकली की सुटी वाळू झाडा आणि वरून दुसरा हात मारा."

"कुठली वाळू?"

"ती तुम्ही बघा. मी रंग विकतो."

किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं. ते ओल धरतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात, एवढं मला फोनवर वाचून कळलं होतं. पावस गावाच्या रस्त्याला एका घराचं बांधकाम चाललं होतं, तिथून दोन घमेली नदीची वाळू मागून आणली. पाच पाण्यांनी धुतली. जुलैच्या हवेत ती सुकेना, तेव्हा आईच्या मोठ्या कढईत शेंगदाण्यासारखी भाजून काढली. जाड खडे मुद्दाम ठेवले. अर्धवट उपाय मला मुळातच आवडत नाहीत.

बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली शाकारलेली होती. आठवडाभर मी एकटी तिच्या डेकवर गुडघ्यांवर बसून घासत होते, रंगवत होते, वाळू पेरत होते. वर पाऊस इतका वाजायचा की स्वतःचा खोकलाही ऐकू येत नसे. सुकी मासळी घेऊन जाणाऱ्या दोघी एकदा वाकून बघून गेल्या. एक म्हणाली, "आता बोटपण हीच नेईल गो!" दुसरी हसली. आमच्याकडे बायका बोटीने मासेमारीला जात नाहीत. ही बोट मी पाहिली ती किनाऱ्याला टेकलेलीच.

शेवटी डेकवर साबणाचं पाणी ओतलं आणि चपला घालून चालले, मग धावले. एकदाही पाय सरकला नाही. फार आनंद झाला. तो सांगायला कोणी नव्हतं.

बोट पाण्यात ढकलायच्या चार दिवस आधी खलाशी आले. दुरुस्तीच्या दिवसांत बोटीवर चपला चालतात. एरवी आमच्या बोटीवर कोणी चपला घालून चढत नाही. ती देवासारखी. सगळं काम अनवाणी. दुरुस्ती संपली म्हणून त्यांनी चपला खाली काढल्या, वर चढले, आणि पहिलाच कळवळला, "आयो! काय गो बाय, ह्यो डेक हाय का किसणी? नारळ घेवन ये, पायानंच किसून देतंय!"

मागचा म्हणाला, "मासे सोलूचं काम वाचला. आता आपूनच सोलून निघू."

तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. पडल्यानंतर प्रथमच. त्यांनी चपला काढल्या, दुखरा पाय आधी ठेवला. थोडा वेळ उभे राहिले आणि मग सगळा भार चांगल्या पायावर घेतला.

"घसरायचा नाय कोण," ते म्हणाले. "पण दिवसभर ह्याच्यावर उभा कोण राहील?"

कष्ट करणाऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल निर्णय घेऊ नका, असं मी स्वतः कितीतरी पत्रकांत लिहिलं आहे. आणि मी वाचली होती ती माहिती डेकवर बूट घालणाऱ्यांसाठी लिहिलेली. त्याच वाडीत जन्मून मी एका पायालाही विचारलं नव्हतं.

त्या दुपारपासून पॉलिश पेपरने सगळं घासून काढलं. तळहात सोलवटले, ते योग्यच झालं. एका फळीवर तीन पट्टे केले, एक जाड वाळूचा, एक रव्याच्या चाळणीतून गाळलेल्या वाळूचा, एक मैद्याच्या चाळणीतून गाळलेल्या वाळूचा. सुकल्यावर फळी बाबांच्या खाटेपुढे ठेवली आणि तिच्यावर बांगडे धुतलेलं पाणी ओतलं. ते भिंतीला हात लावून एकेका पट्ट्यावर उभे राहिले. बारीक वाळूवर टाच सरकली. जाडवर तोंड वाकडं झालं. मधल्यावर त्यांनी भिंतीवरचा हात काढला.

"ही," म्हणाले.

तशीच वाळू मी डेकभर पेरली. पूजा झाली, बाबांना घेऊन बोट गेली. धक्क्यावरच्या बायका पांगल्या. मी बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

दोन दिवसांनी बाबा परत आले. ते ओटीवर पाय धूत असताना मी त्यांचे तळवे बघून घेतले. कुठे चरा नव्हता.

"घसरलात का?"

"नाय."

एवढंच. मग ते झोपले. मला वाटलं होतं आणखी काहीतरी बोलतील.

पण हे मी बाबांसाठी लिहीत नाही. तुमच्यापैकी ज्यांची बोट आहे, त्यांना माझं सांगणं आहे. बाहेरून हवी तितकी चमकवा. डेकच्या रंगाचा डबा फोडण्याआधी मात्र एका फळीवर दोन-तीन प्रकारची वाळू लावा, माशाचं पाणी ओता, आणि तुमच्या सगळ्यात म्हाताऱ्या खलाशाला बोलावून तिच्यावर अनवाणी उभं करा. तो सांगेल तीच वाळू लावा. पुढच्या नारळी पौर्णिमेची वाट बघू नका, यंदाच करा.