श्वास अडकत होता तेव्हा

गेल्या वर्षी शाळेचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. मी जामबागच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात पोचल्यावर आधी खुर्ची गाठायची आणि मग हजेरी, अशी वेळ आली. तारनाक्याला घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी छातीला तपासायची नळीसुद्धा लावली नाही. सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम बहुत टेन्शन लेते. इस उमर में होताइच. ध्यान करने बोलो."

मी समोरच बसले होते. तरी "बोलो"!

मग माझा नल्लकुंट्यातला ध्यानवर्ग सुरू झाला. शिकवणारे गृहस्थ पुण्याहून इथे आयटीत आलेले. मधाळ आवाजात म्हणायचे, "श्वास आत येतोय, बाहेर जातोय. नुसतं बघा." मी बघत होते. तो अर्ध्यावर अडकायचा आणि छातीत काहीतरी फडफडायचं. त्यांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "ताई, तुम्ही प्रतिकार करताय. सोडून द्या."

घरी नवरा म्हणायचा, "तू मनापासून करतच नाहीस." मलाही ते पटायला लागलं, याचा आज सगळ्यात जास्त संताप येतो.

एका संध्याकाळी सतरंजीवरून उठताना मी कोसळले. शेजारी बसणाऱ्या तेलुगू बाईंनी मला ऑटोत घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "इतके दिवस हे कुणी ऐकलंच नाही?"

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. लहानपणी आलेल्या, सांधे धरणाऱ्या तापामुळे, म्हणाल्या. मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून त्यांनी ती झडप उघडली. महिन्याभरात मी न थांबता जिना चढले.

बरी झाल्यावर मुद्दाम त्या वर्गात गेले आणि सगळं सांगितलं. गृहस्थ प्रसन्नपणे म्हणाले, "बघा, ध्यानामुळेच तुमचं श्वासाकडे लक्ष गेलं!"

"माझं लक्ष पहिल्या दिवसापासून होतं," मी ओरडले. "तुमचं नव्हतं!"

सगळ्यांचे डोळे उघडले. ते हळूच म्हणाले, "ताई, राग बरा नव्हे."

बाहेर नवरा स्कूटरवर थांबला होता. "सगळ्यांसमोर कशाला तमाशा?" एवढंच बोलला. मी त्याच्या मागे बसले नाही. ऑटो केला, आणि घरी येऊन माझ्यापुरताच चहा टाकला.