ओफाकिमपर्यंत न पोचलेली विजेची गाडी

ब्रोशरवर किलोमीटरचा आकडा छापलेला दिसला की तुमचं तोंड बंद का होतं?

आमच्या मराठी ज्यू घरात छापील कागदाला मान होता. मी पत्रकांवरच वाढलो. पुढे पेट्रोलविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहून आमच्या गावच्या, रामल्याच्या स्टेशनवर वाटायचो. त्यामुळे दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत बाबांनी विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली, तेव्हा मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. रामल्याहून ओफाकिम तर ब्रोशरमधल्या एका चार्जिंगच्या आकड्यात सहज बसत होतं.

ओफाकिमला माझी आत्या राहायची. तिचा मुलगा सैन्यातून धडधाकट सुटून आला, म्हणून तिने आमच्या एलियाहू हनाबी पैगंबराला मलिद्याचा नवस बोलला होता. पोहे भिजवले, नारळ खोवला, फळं कापून ठेवली. मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, असा तिचा आग्रह. नऊ जमले होते, दहावे बाबा. मला कुणी मोजत नसे. प्रार्थना मी केव्हाच सोडली होती आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्या नवांपैकी दोघांना संध्याकाळच्या पाळीला कारखान्यात जायचं होतं. आत्याने फोनवर बजावलं होतं, "दादा, उशीर नको हां."

किर्यात गतच्या पुढे चढ लागला आणि काटा लालमध्ये गेला. गाडी रडतखडत रस्त्याच्या कडेला थांबली. ऑगस्टचं ऊन.

"काय रे, बॅटरी डाऊन?" बाबांनी विचारलं.

मी एजन्सीच्या विक्रेत्याला फोन लावला. तो हसून हिब्रूत म्हणाला, "अखी, भावा, एसी लावला होतास?"

"नेगेवच्या वाळवंटात? मग काय करणार?"

"आणि गाडीत कोण आहे?"

"बाबा."

"म्हणजे दोन माणसं!" त्याने असं म्हटलं, जणू मी गाडीत उंट बसवला होता. मग समजावलं की आकडा एकट्या माणसाचा असतो, सपाट रस्त्याचा, एसी बंद, वेग बेताचा. असा माणूस या देशात राहतो तरी कुठे? मला किळस आली. माझ्याच पत्रकांच्या सुबक अक्षरांवर कुणी थुंकल्यासारखं वाटलं.

त्या नवांपैकीच एक, ओफाकिमला राहणारे काका आपली जुनी पेट्रोलची गाडी घेऊन न्यायला आले. धूर सोडत, हॉर्न वाजवत.

"चला, पुढारी! एका टाकीत पार वाळवंटातल्या मित्स्पे रामोनला जाऊन परत येते माझी राणी."

"कधी गेला होतात मित्स्पे रामोनला?" मी विचारलं.

"मी? कशाला जाऊ? आहे काय तिथे?"

बाबा हसले. मला हसू आलं नाही. काका रोज कारखान्यापर्यंत जाऊन घरी येणार, आणि कधी न केलेल्या प्रवासाच्या बढाईसाठी जन्मभर गल्लीत धूर ओकणार. विक्रेता आकडा फुगवतो, काका त्या फुग्याला टाचणी लावून आपलं घाणेरडं यंत्र मिरवतात. दोघांनाही आत्याशी देणंघेणं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाळीवाले दोघे निघून गेले होते. थाळीवर ओढलेलं फडकं आत्याने नीट केलं, पुन्हा नीट केलं. बाबांनी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे रे दादा. पण पोहे आता आंबतील." तिने मलिदा शेजाऱ्यांत नुसता खाऊ म्हणून वाटला. प्रार्थना झालीच नाही. पाया पडायला वाकलेल्या मुलाला तिने आशीर्वाद न देताच उभं केलं.

मी आजही पेट्रोलच्या विरोधातच आहे. म्हणूनच हे खोटं मला जास्त झोंबतं.

तेव्हा एक करा. विजेची गाडी घ्यायला जाल, तेव्हा सही करण्याआधी घरच्या माणसांना मागे बसवा, विक्रेत्याला शेजारी घ्या, एसी लावा, आणि जिथे कुणीतरी तुमची वाट पाहतं अशा सगळ्यांत लांबच्या दारापर्यंत ती चालवून न्या. तो नाही म्हणाला, तर तिथून उठा, आणि का उठलात ते दुकानातल्या बाकीच्यांना ऐकू जाईल असं सांगा.